रिपोर्टमध्ये ‘ई४’ आलं आहे, मेंदूच्या गोळ्या सुरू करू का?

नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहावा म्हणून प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुमचं वय ४६, राहायला ठाण्यात, बँकेत नोकरी. आईंना ७१व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं, त्याला आता तीन वर्षं होतील. त्या धास्तीने तुम्ही घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी केलीत. रिपोर्टमध्ये ‘एपीओई ई३/ई४’ आणि ‘एमटीएचएफआरमध्ये बदल’ असं आलं. त्याच कंपनीने लगेच ‘तुमच्या जनुकांनुसार तयार केलेलं’ पाकीट सुचवलं. त्यात गिंको, ओमेगा-३, ब्राह्मी, हळदीचा अर्क, ई जीवनसत्त्व आणि मिथाइलफोलेट आहे, आणि महिन्याचा खर्च साडेचार हजार रुपये. तेरा वर्षांच्या मुलीचीही चाचणी करून तिची ‘बुद्धिमत्ता आणि स्मरणशक्ती’ पाहून घ्या, असाही त्यांचा आग्रह आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पाकीट सुरू करू का, मुलीची चाचणी करू का, आणि धाकट्या भावाला हे सांगू का.

अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय. गेले सहा-आठ महिने माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत, पायांना मुंग्या येतात, मधुमेहासाठी चार वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेता, आणि घरात अंडंसुद्धा येत नाही.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. विसरायला होतं म्हणून येणारी माणसं आणि त्यांना हाताला धरून आणणारी त्यांची मुलं, दोघांनाही गेली बावीस वर्षं भेटते आहे. तुमचा प्रश्न वरवर गोळ्यांचा आहे. तळाशी मात्र ‘मीही आईसारखी होणार का?’ हा प्रश्न आहे. तो मी बहुतेक वेळा आईला तपासून झाल्यावर, दाराशी थांबून, हळू आवाजात विचारलेला ऐकते. म्हणून आधी त्याचं उत्तर देते आणि मग पाकिटाकडे वळते. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तुमचे रक्ताचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत. जिथे उत्तर त्यावर अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट सांगेन.

एपीओई हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ वाहून नेणारं एक प्रथिन त्याच्यावरून तयार होतं. मेंदूत हे प्रथिन पेशींना लागणारं कोलेस्टेरॉल पोचवतं, आणि अल्झायमरमध्ये साचणारा अमायलॉइड नावाचा पदार्थ साफ होण्याशीही त्याचा संबंध आहे. या जनुकाचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार आहेत. प्रत्येकाला एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ई४ आणि उतारवयातला अल्झायमर यांचा संबंध दाखवला, आणि तो पुढे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसला. त्यामुळे तुमच्या रिपोर्टमधली ही ओळ पोकळ नाही. ती खरी जोखीम सांगते.

जोखीम किती, हे महत्त्वाचं आहे. एक ई४ असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे तुम्ही वाचले असतील. ‘पट’ ऐकलं की छातीत धस्स होतं. म्हणून मी पेशंटना तोच आकडा दुसऱ्या रीतीने सांगते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये, एक ई४ असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८५व्या वर्षापर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास निघाली. सगळ्या स्त्रियांमध्ये मिळून ती १४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे तुमच्यासारखा रिपोर्ट असलेल्या दहा जणींपैकी सात जणींना ८५व्या वर्षापर्यंत हा आजार झालेला नसतो. आणि ज्यांच्याकडे एकही ई४ नाही अशांनाही तो होतोच. तुमच्या आईंची चाचणी झालेली नाही, त्यामुळे तुमचा ई४ आईंकडून आला की वडिलांकडून, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही.

हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, ही पहिली अट. वंशागणिक ई४चा परिणाम कमी-जास्त होतो. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये झालेल्या अभ्यासात ई४चा अल्झायमरशी संबंध दिसला होता. पण म्हणून फ्रान्स-अमेरिकेतली टक्केवारी उचलून ठाण्यातल्या बाईला जशीच्या तशी लावता येत नाही. दुसरी अट, दोन ई४ असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात मेंदूतले बदल फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर दिसतात, असं २०२४ साली आलेल्या संशोधनाने दाखवलं. तुमच्याकडे एकच आहे.

तिसरी गोष्ट वयाची. चाळिशी-पन्नाशीत सुरू होणारा आणि पिढ्यान् पिढ्या निम्म्या भावंडांना गाठणारा अल्झायमर असतो, पण तो एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी. त्याला प्रेसेनिलिन किंवा एपीपी या जनुकांतला बदल कारण असतो. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात अशी मोठी घराणी आहेत आणि डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी आयुष्य त्यांच्या अभ्यासात घालवलं. तिथल्या एका बाईकडे हा बदल असूनही तिला सत्तरीपर्यंत स्मृतिभ्रंश झाला नाही. चाळिशीत जे व्हायला हवं होतं ते तीस वर्षं लांबलं. २०१९ साली तिच्याविषयीचा अहवाल आला. तिच्याकडे एपीओईचाच एक अतिशय दुर्मीळ प्रकार दोन्ही बाजूंनी आलेला होता आणि संशोधकांना तोच तिची ढाल असावा असं वाटतं. इतकं घट्ट समजलं जाणारं जनुकसुद्धा एकटं कारभार करत नाही. तुमच्या आईंना ७१व्या वर्षी आजार झाला आणि घरात आणखी कुणाला तरुणपणी झालेला नाही, म्हणजे तुमचं घराणं त्या प्रकारचं दिसत नाही.

डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळालेल्या जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी माहिती, जगासमोर खुली केली, पण एपीओईची माहिती वगळायला सांगितली. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. जनुकं कोळून प्यायलेल्या माणसालाही ते जाणून घ्यायचं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण रिपोर्ट उघडल्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष दिलाय. तो देऊ नका.

आता पाकीट.

जनुकाची माहिती कळल्यावर माणसं काय करतात, हे अमेरिकेतल्या ‘रिव्हील’ नावाच्या अभ्यासात नीट पाहिलं गेलं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मुलामुलींना त्यांचं एपीओई सांगितलं आणि पुढे त्यांचा माग ठेवला. बहुतेकांची मनःस्थिती ढासळली नाही, ही दिलासा देणारी गोष्ट. पण ई४ असल्याचं कळलेल्यांनी आपल्या सप्लिमेंटमध्ये बदल करण्याची शक्यता, ई४ नसलेल्यांपेक्षा पावणेपाच पट निघाली. गोळी घेतली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. व्यायाम महिनोन् महिने करावा लागतो, गोळी एका घोटात होते. त्या माणसांनी चूक केली असं मी म्हणत नाही. भीती वाटली की हाताला काहीतरी लागावंसं वाटतंच. पण त्या जनुकाचा परिणाम ती गोळी कमी करते असा पुरावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. ‘तुमच्या जनुकांनुसार’ या शब्दांत जो धागा सूचित केलाय, तो विज्ञानात अजून सापडलेला नाही. तुमचा रिपोर्ट एकीकडे आहे, पाकीट दुसरीकडे आहे, मधे जोडणारं काही नाही.

एकेक वस्तू घेऊ. गिंकोवर झालेलं काम भरपूर आहे, म्हणून त्याबद्दल ठामपणे बोलता येतं. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना रोज १२० मिलिग्रॅम दोन वेळा गिंको किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली आणि सरासरी सहा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २००८ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश दोन्ही गटांत सारखाच झाला. २०१२ साली फ्रान्समधल्या २,८५४ जणांवरच्या चाचणीनेही तेच सांगितलं. शिवाय रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तुम्हाला नसेल, पण पाकीट घरात आलं की आईंनाही एक गोळी दिली जाते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. आईंना ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर हा प्रश्न खरा आहे.

ओमेगा-३च्या बाबतीत मासे खाणाऱ्यांची निरीक्षणं चांगली आहेत, कॅप्सूलचे निकाल नाहीत. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४०२ रुग्णांना अठरा महिने रोज दोन ग्रॅम डीएचए, म्हणजे ओमेगा-३चाच एक प्रकार, दिलं, घसरण मंदावली नाही. फ्रान्समध्ये स्मरणाची तक्रार असलेल्या सत्तरीपुढच्या १,६८० जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्यातही ठोस फायदा दिसला नाही. ई जीवनसत्त्वाचा उपयोग आधीच अल्झायमर असलेल्यांची दैनंदिन कामं थोडी जास्त काळ टिकवण्यापुरता, तोही फार मोठ्या डोसने, एका चाचणीत दिसलाय. निरोगी माणसाने ते वर्षानुवर्षं घ्यावं असं त्यातून निघत नाही. पुरुषांमध्ये रोज ४०० युनिट घेतल्याने प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचं २०११ साली दिसलं, म्हणून भावालाही हे पाकीट देऊ नका.

हळदीबद्दल लोक मला हमखास सांगतात, की भारतात हळद खातात म्हणून इथे अल्झायमर कमी. बल्लभगढला आजाराचं प्रमाण कमी आढळलं, तिथून ही गोष्ट पसरली. पण अलीकडच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालंय, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हळद आपण सगळेच खातो. तिच्यातला कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी शिरतो. तो जास्त शिरावा म्हणून मिरीचा अर्क घालून किंवा दुसऱ्या युक्त्या करून जी तीव्र उत्पादनं विकतात, त्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. भाजीतली हळद चालू ठेवा, कॅप्सूल नको.

ब्राह्मीवर मी जरा थांबते, कारण इथे माझं मत ‘नाही’ इतकं सरळ नाही. पहिली अडचण नावाचीच आहे. ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक बॅकोपा, म्हणजे जलब्राह्मी, आणि दुसरी मंडूकपर्णी. बाटलीवर नुसतं ‘ब्राह्मी’ लिहिलं असेल तर आत कोणती आहे हे सांगता येत नाही, आणि संशोधन बहुतांशी जलब्राह्मीच्या ठरावीक अर्कावर झालंय. ऑस्ट्रेलियात निरोगी लोकांना रोज साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क तीन महिने दिल्यावर शिकलेलं लक्षात राहण्यात थोडी सुधारणा दिसली. लहान चाचण्या, छोटा परिणाम, पण तो आहे. स्मृतिभ्रंश टळतो का, हे मात्र कुणी तपासून दाखवलेलं नाही. पोटात मुरडा, जुलाब हे नेहमीचे दुष्परिणाम. दुसरी अडचण शुद्धतेची. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक धोकादायक प्रमाणात सापडलं होतं. तो अहवाल २००४चा. मेंदूसाठी म्हणून घेतलेल्या औषधातून शिसं पोटात जाणं, याहून वाईट काय असेल? म्हणून ब्राह्मी घ्यायचीच असेल तर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, अर्काचं प्रमाण आणि जड धातूंच्या तपासणीचा दाखला मागा, आणि वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. तुम्हाला थायरॉइडचा त्रास असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

पाकिटावर बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं लिहिलेलं सापडेल. आपल्याकडे अशी उत्पादनं औषध म्हणून नाही, अन्न म्हणून विकली जातात आणि हे वाक्य छापणं नियमाने बंधनकारक आहे. आजार टळतो हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर नसते.

आता त्या पाकिटातली सहावी वस्तू, मिथाइलफोलेट. ती मला सगळ्यात जास्त खटकली आणि तुमची शेवटची ओळ इथेच जोडली जाते.

एमटीएचएफआर हे जनुक फोलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वाला शरीराला वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) आहे. त्यातला तुमचा बदल जगभर कोट्यवधी माणसांमध्ये असतो. तो असला तरी पालेभाज्या-डाळींतलं फोलेट आणि साधं फॉलिक ॲसिड शरीर वापरतंच. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच रक्ताच्या गाठी आणि वारंवार होणारे गर्भपात यांच्या तपासणीत ही चाचणी करू नका असं सांगितलं, कारण तिने उपचार बदलत नाहीत. तरीही घरबसल्या रिपोर्टांमध्ये ती पहिल्या पानावर असते, कारण तिच्यासोबत विकायला एक गोळी आहे.

खरी गोष्ट बी१२ची आहे. आणि ती पुण्यात, आपल्या माणसांवर, मोजून दाखवली गेली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्क्यांमध्ये बी१२ कमी होतं, ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन, म्हणजे बी१२ कमी पडलं की रक्तात साचणारा पदार्थ, वाढलेलं होतं. आणि सगळ्यात जास्त कमतरता कुणात होती, तर शहरी मध्यमवर्गात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या घरांमध्ये. मुख्य कारण शाकाहार. बी१२ वनस्पतींमध्ये नसतं. ते दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण चहापुरतं दूध आणि पातळ ताक यांनी रोजची गरज भागत नाही. शेवग्याची पानं, स्पिरुलिना, मोड आलेली कडधान्यं यांनी बी१२ भरून निघतं हा समज मी रोज खोडून काढते.

त्यात तुमच्या दोन गोळ्या. अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी तेच आम्ल कमी करते. सुटं झालेलं बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आड येतं. आधी ताटातच कमी, त्यातलं सुटं होणं कमी, त्यातलं शोषणं कमी. पायांच्या मुंग्या आणि नावं न आठवणं, दोन्ही बी१२च्या कमतरतेत दिसणाऱ्या गोष्टी आहेत. मधुमेहामुळेही मुंग्या येतात, म्हणून तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण तुम्ही माझ्यासमोर असता तर पहिली चिठ्ठी याच तपासणीची दिली असती.

आणि म्हणूनच पाकीट आधी सुरू करू नका. बी१२ कमी असताना एकटं फोलेट भरपूर दिलं, तर रक्तातला पांडुरोग सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. हिमोग्लोबिन छान आलं म्हणून सगळे निश्चिंत होतात. चालताना तोल जायला लागल्यावर आलेले असे पेशंट मी पाहिलेत, काहींच्या नसा पूर्ववत झाल्या नाहीत. ज्या गोळीची गरज नाही ती घेऊन, ज्या गोळीची आहे तिचा इशारा बुजवायचा, हे मला फार अस्वस्थ करतं.

बी१२ची तपासणी कोणतीही व्हिटॅमिनची गोळी घेण्याआधी करा, नाहीतर आकडा फसवा येतो. २०० (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर)च्या खाली आलं तर कमतरता धरून उपचार करायचे. २०० ते ३००च्या मधे आलं तर होमोसिस्टीन पाहायचं. उपचार स्वस्त आहेत. मुंग्या असतील तर मी सहसा इंजेक्शनने सुरुवात करते आणि मग गोळीवर आणते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, साखर बिघडणं मेंदूला जास्त महागात पडेल. ॲसिडिटीची गोळी रोज लागते का, हे मात्र डॉक्टरांना विचारा. त्याच दिवशी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखरही पाहून घ्या. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या नियमित घेत असाल तर तेही सांगा, त्या स्मरणावर परिणाम करतात. ४६व्या वर्षी पाळी अनियमित झाली असेल, झोप तुटत असेल, तरी नावं आठवण्यात अडखळायला होतं. अल्झायमरच्या आधी ही सगळी दारं वाजवायची असतात.

ऑक्सफर्डमध्ये २०१० साली झालेल्या एका प्रयोगात, विस्मरणाची सुरुवात झालेल्या वृद्धांना बी गटाची जीवनसत्त्वं दोन वर्षं दिली. मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला आणि सगळ्यात जास्त फायदा ज्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं त्यांना झाला. ‘पूरक’ या शब्दातच हे आहे. जिथे उणीव आहे तिथे पूरक काम करतं. मेंदूसाठी जगातलं सगळ्यात यशस्वी पूरक मिठातलं आयोडीन आहे. १९५६पासून हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि पुढे देशभर ते मीठ गेलं. आयोडीनची कमतरता पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवते. पण ज्याला ते पुरेसं मिळतंय त्याने दुप्पट खाऊन बुद्धी वाढत नाही.

मग ई४ असलेल्या माणसाने करायचं काय? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका जास्त असलेल्या १,२६० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आहार, नियमित व्यायाम, मेंदूला चालना देणारा सराव, आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर बारीक लक्ष, असं सगळं एकत्र. २०१५ साली निकाल आला. या गटाची बौद्धिक चाचण्यांतली प्रगती दुसऱ्या गटापेक्षा जास्त होती, आणि नंतरच्या विश्लेषणात ई४ असलेल्यांनाही फायदा मिळालेला दिसला. फायदा माफक आहे, मी तो फुगवून सांगणार नाही. पण ई४ असूनही मिळाला, ही गोष्ट तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलेली नव्हती. तुमच्या वयाला रक्तदाब सगळ्यात महत्त्वाचा, कारण चाळिशी-पन्नाशीतला वाढलेला रक्तदाब वीस-तीस वर्षांनी स्मृतिभ्रंशात दिसतो. ई४मुळे वाईट कोलेस्टेरॉलही वाढू शकतं, म्हणून लिपिड प्रोफाइल करा. साडेचार हजारांत या सगळ्या तपासण्या आणि चांगले चालायचे बूट, दोन्ही होतील.

मुलीबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे, चाचणी करू नका. मोठेपणी होणाऱ्या आणि आज उपाय नसलेल्या आजाराची जोखीम मुलांमध्ये शोधू नये, हे जनुकतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांच्या संघटना सांगतात. त्या माहितीवर तिचा हक्क आहे, ती अठरा वर्षांची झाली की ठरवेल. बुद्धिमत्तेचं म्हणाल, तर एक असं जनुक नाहीच. २०१८ साली सुमारे ११ लाख लोकांवरच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी संबंधित अशा डीएनएमधल्या हजाराहून जास्त जागा सापडल्या. सगळ्यांची बेरीज करूनही लोकांमधल्या फरकाचा ११ ते १३ टक्केच भाग समजतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतर वंशांत तो अंदाज आणखी ढेपाळतो. एका मुलीच्या डोक्यात काय आहे हे त्यावरून सांगणं म्हणजे महाराष्ट्राच्या सरासरी पावसावरून तुमच्या गल्लीत उद्या पाणी तुंबेल का ते सांगणं.

आणि अनुवंशिक म्हणजे न बदलणारं, हेही खरं नाही. उंची ८० टक्क्यांच्या आसपास अनुवंशिक मानतात. तरी दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच होती, ताट बदललं. तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासा. पाळी सुरू होण्याच्या वयात लोह कमी पडतं, मुलगी थकते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरात तिला आळशी म्हणतात. घरात अंडं-मांस नाही, म्हणून तिचंही बी१२ बघा.

आईंच्या बाबतीत दोन गोष्टी विचारते. त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झालीय का? कानाला यंत्र लावल्यावर ‘आई पुन्हा बोलायला लागली’ असं सांगणारी मुलं मला भेटली आहेत. आजार तोच असतो, पण ऐकू न आल्यामुळे वाढलेला गोंधळ कमी होतो. आणि निदानाच्या वेळी त्यांचं बी१२ पाहिलं होतं का? तीन वर्षांत पुन्हा पाहिलं नसेल तर पाहा, ताट तुमचं दोघींचं एकच आहे.

भावाला सांगायचं का, हे नात्यावर आणि त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, आणि ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मी पेशंटना एवढंच सुचवते, की आकडा सांगण्याआधी ‘तुला जाणून घ्यायचंय का?’ हे विचारा, आणि उत्तर द्यायला त्याला वेळ द्या. तुमच्यात ई४ आहे याचा अर्थ त्याच्यात आहेच असा होत नाही. तो ‘नको’ म्हणाला तर रिपोर्ट तुमच्या कपाटातच राहू द्या. त्याचं बीपी आणि बी१२ शेवटचं कधी तपासलं, हे मात्र तरीही विचारा.